लिंबू, थिनर आणि काळा दगड

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. गुरुवारची पूजा आटोपून आई ओटा पुसत होती. सिंकच्या कोपऱ्याशी फडकं अडकलं, तिने जरा ओढलं आणि फडक्याबरोबर तळहाताएवढा काळा पापुद्रा निघून आला. "अगोबाई, ओटा सोलवटला की रे," एवढंच ती म्हणाली. मी तो पापुद्रा हातात घेऊन बघितला. पाच-सहा मिलिमीटर जाड, वरून गुळगुळीत, खालून ओलसर आणि कडेला पोळीच्या पदरासारखे थर. खाली सिंकच्या कापाच्या काटकोनी कोपऱ्यातून निघालेली एक जुनी चीर होती. तिच्यातून किती वर्षं पाणी आत जात होतं कोण जाणे.

मी बत्तीस वर्षं भोसरीत टूलरूममध्ये काढली. आमच्याकडे काळ्या ग्रॅनाइटची सरफेस प्लेट, म्हणजे मापं तपासायची एकदम सपाट पाटी होती, चार फूट बाय तीन फूट. तिच्यावर हाइट गेज (उंची मोजायचं साधन) ठेवून मायक्रॉनवरून भांडणं केली आहेत. कास्ट आयर्नच्या प्लेटवर काही आपटलं तर खड्ड्याच्या कडेला बर, म्हणजे धातूची बारीक उंच कड, उठते आणि सगळं माप चुकतं. ग्रॅनाइटला नुसता खड्डा पडतो, बर उठत नाही, गंजही चढत नाही. त्यामुळे काळा, जड, थंड दगड म्हणजे ग्रॅनाइट हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. "ग्रॅनाइट असा सोलवटेल कसा?" असं मी म्हणालो, तर आई म्हणाली, "ग्रॅनाइट कुठला? कडप्पा आहे तो. शहाऐंशी साली माझ्यासमोर बसवलाय. ग्रॅनाइटचा भाव ऐकून तुझ्या बाबांनी मला शेजारच्या दुकानात नेलं होतं."

म्हणजे ज्याच्यावर अडतीस वर्षं चहा करून प्यायलो, त्या दगडाचं नाव मला ठाऊक नव्हतं.

नवा ओटा करायचा हे त्याच संध्याकाळी ठरलं. कशाचा करायचा यावर मात्र घरात तीन पक्ष पडले. आईला काळाच हवा होता, बायकोला पांढराशुभ्र क्वार्ट्झ. मी 'जो टिकेल तो' असं म्हणत होतो, म्हणजे माझं मत कोणी विचारत नव्हतं.

कात्रज-कोंढवा रस्त्यावर दगडाची दुकानं ओळीने आहेत. लोखंडी घोड्यांना टेकवून पाट्या उभ्या केलेल्या, मधून चालायला दीड फुटाची गल्ली, आणि सगळ्यावर पांढरी धूळ. पहिल्या दुकानातल्या पोराने नावं सांगायला सुरुवात केली: जेट ब्लॅक, टेलिफोन ब्लॅक, राजस्थान ब्लॅक, ब्लॅक गॅलेक्सी, स्टील ग्रे, टॅन ब्राउन. ऐकून वाटावं, रेसकोर्सवर घोडे सुटायचे आहेत. दोन-अडीच फूट रुंदीच्या पाट्यांना 'कटर साइज' म्हणतात, मोठ्या अखंड पाट्यांना 'गँगसॉ', हे तिथे कळलं. ओट्याची खोली सव्वादोन फुटांच्या आत असेल तर कटर साइजमध्ये भागतं आणि भाव बराच उतरतो, पण पाट्यांची रुंदी सारखी नसते. टेप आपला आपण लावावा.

दोन-तीन दुकानं फिरल्यावर माझ्या ध्यानात आलं की दुकानात 'ग्रॅनाइट' हे नाव आडनावासारखं वापरतात. जो कठीण दगड पॉलिश धरतो तो ग्रॅनाइटांच्या घरचा. भूगर्भशास्त्रातला खरा ग्रॅनाइट म्हणजे मुख्यतः क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार ही खनिजं, रंगाने सहसा फिका, राखाडी किंवा गुलाबीसर. काळे 'ग्रॅनाइट' बहुतेक गॅब्रो किंवा डोलेराइट या जातीचे. आमची सरफेस प्लेटही त्याच घराण्यातली असणार. म्हणून ते वाईट ठरत नाहीत, ओट्याला उलट चांगलेच. ब्लॅक गॅलेक्सी आंध्रात ओंगोलजवळच्या चिमकुर्तीहून येतो, त्यातले सोनेरी ठिपके ब्राँझाइट नावाच्या खनिजाचे. स्टील ग्रेही ओंगोलकडचाच. टॅन ब्राउन तेलंगणात करीमनगरचा.

आणि आपला पुण्याचा दगड? तो कुठल्याच दुकानात नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. याच्यात आठव्या शतकात पाताळेश्वराचं लेणं खोदलं, याचीच जाती, पाटे-वरवंटे झाले. पण तो भेगाभेगांचा असतो, वायूच्या बुडबुड्यांची भोकंही ठिकठिकाणी असतात. त्यातून सात फुटांची सलग पाटी निघणं कठीण. म्हणून दगडावर वसलेल्या गावाला ओट्यासाठी दगड आंध्र, कर्नाटक नाहीतर राजस्थानातून आणावा लागतो.

तिसऱ्या दुकानात मला एक जेट ब्लॅक पाटी आवडली. आरशासारखी. मालक म्हणाले, "काका, शेवटच्या दोन आहेत." हे वाक्य मी आयुष्यभर पर्चेस डिपार्टमेंटमध्ये ऐकलेलं आहे, तरी पाच हजार बयाणा दिला. निघताना सवयीने म्हणालो, "याचा एक तुकडा द्या सँपल म्हणून." दुकानाच्या मागे तुकड्यांचा ढीग असतोच. त्यांनी कोपऱ्यातला एक काढून दिला. मग मला चटक लागली. पुढच्या चार दिवसांत स्कूटरच्या पायाशी तांदळाचं रिकामं पोतं ठेवून मी दुकानोदुकानी तुकडे मागत फिरलो. कोणी नाही म्हटलं नाही. तेवढीच त्यांची जागा मोकळी होते.

गॅलरीत वर्तमानपत्र पसरून नऊ तुकडे मांडले आणि खडूने नंबर घातले. आमचा जुना कडप्पा, शहाबादी, कोटा, पांढरा मार्बल, जेट ब्लॅक, स्टील ग्रे, पांढरा क्वार्ट्झ, कोरियन, आणि मोरबीकडचा पोर्सिलेनचा मोठ्या पाटीचा तुकडा.

पहिली परीक्षा हाताची. डिसेंबरची सकाळ होती. आठ तुकडे गारठलेले आणि कोरियनचा तुकडा मात्र टेबलासारखा, ना थंड ना गरम. कोरियनचा कोरियाशी संबंध नाही (बायकोची ही समजूत दुरुस्त करण्यात एक जेवण गेलं). ड्यूपाँट कंपनीने १९६७ मध्ये काढलेलं हे द्रव्य, आता कुठल्याही कंपनीचं असलं तरी त्याला कोरियनच म्हणतात, जसा सगळा लॅमिनेट आपल्याकडे सनमायका. ॲक्रिलिक आणि ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडची पांढरी पूड, बस. हल्ली पुण्यातल्या निम्म्या नव्या फ्लॅटांत मागून दिवे सोडलेली जी पांढरी कोरीव देवघरं दिसतात, ती याचीच. चाकूने याच्यावर सहज ओरखडा उठला. पण पॉलिश पेपर पाण्यात बुडवून दोन मिनिटं घासलं तर ओरखडा गेलासुद्धा. जोड त्याच रंगाच्या डिंकाने भरून घासला की दिसत नाही. गरम भांडं आणि घासणी या दोन गोष्टी सांभाळता येत असतील तर माल चांगला आहे. आमच्याकडे दोन्ही सांभाळणं शक्य नाही.

दुसरी परीक्षा ओरखड्याची. इथे माझी एक चूक झाली ती सांगतो. स्टील ग्रेवर चाकूचं टोक ओढलं तर चकचकीत राखाडी रेघ उठली. मी वहीत लिहिलं, 'चाकूने ओरखडा पडतो, बाद.' मग थुंकी लावून बोट फिरवलं तर रेघ पुसली गेली. दगड झिजलाच नव्हता, चाकूचं पोलाद दगडावर उतरलं होतं. पेन्सिल कागदावर उतरते तसं. मार्बल, कडप्पा, कोटा, शहाबादी यांच्यावर मात्र पांढरी रेघ पडली आणि नख फिरवलं तर नखाला खाच लागली. टूलरूमवाल्याने टेस्ट करताना कोण कोणाला कापतंय हे आधी बघायला हवं होतं.

बाबांच्या खणात एक गारगोटी होती, वाघोलीच्या बाजूने कधीतरी उचलून आणलेली. गारगोटी म्हणजेच क्वार्ट्झ. तिने काच कापते, स्टील ग्रेही किंचित खरवडला गेला. शोरूममधल्या पांढऱ्या क्वार्ट्झच्या तुकड्यावर मात्र तिचा फारसा प्रभाव पडेना. भाऊबंदच ते. वजनाने नव्वद टक्क्यांहून जास्त गारगोटीचा चुरा, उरलेला राळेसारखा प्लास्टिकचा चिकटवा आणि रंग, असं मिळून दाबून केलेली ती पाटी. 'गारगोटीचा ओटा' असं नाव ठेवलं असतं तर बायकोने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं.

मग आंबट. प्रत्येक तुकड्यावर लिंबाची एक फोड पालथी ठेवली आणि अर्ध्या तासाने उचलली. कडप्प्यावर फिकट राखाडी वर्तुळ. कोट्यावर, शहाबादीवर तसंच. मार्बलवर उजेडात तिरकं पाहिलं की दिसणारी मंद चकती. ग्रॅनाइट, क्वार्ट्झ, पोर्सिलेन यांच्यावर काही नाही. खात्री करायला संडास धुवायच्या ॲसिडचा एकेक थेंब टाकला (हातमोजे घालून, उघड्यावर, आणि शेजारी ब्लीचिंग पावडर वगैरे काही नसताना; हा खेळ स्वयंपाकघरात करू नये). कडप्पा सोडा वॉटरसारखा फसफसला. कोटा आणि मार्बलही. हे सगळे चुन्याच्या कुळातले दगड, आंबट पडलं की विरघळणारच.

तेवढ्यात आई गॅलरीत आली. लिंबाची वर्तुळं बघून म्हणाली, "हे तर आपल्या ओट्यावरचे डाग."

खरंच होतं. आमच्या ओट्यावर गॅसच्या डाव्या हाताला राखाडी वर्तुळांची एक रांग होती. आम्ही त्यांना डाग म्हणायचो. आईने सोडा, राख, घासणी, बाजारात येईल ती पावडर, सगळं लावून पाहिलं होतं. सणाच्या आदल्या रात्री ती देवाच्या भांड्यांना चिंच-मीठ लावून तिथेच उपडी ठेवायची. तांब्या, पंचपात्र, निरांजनाची तबकडी, प्रत्येकाचा ठसा. डाग कधी नव्हतेच ते. चिंचेने दगड खाल्ला होता.

डाग आणि ही झीज यांतला फरक मला त्याच आठवड्यात आणखी एकदा दिसला. मार्बल आणि क्वार्ट्झवर मी हळद-तेलाचा एकेक ठिपका रात्रभर ठेवला होता. सकाळी दोन्ही पिवळे. बायकोचा चेहरा पाहण्यासारखा झाला. दोन्ही तुकडे तसेच उन्हात राहिले आणि दोन दिवसांनी पिवळेपणा जवळजवळ उडून गेला होता. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही, साडीवर सांडली तरी आपण तेच करतो. लिंबाची चकती मात्र उन्हात ठेवा नाहीतर पाण्यात, जशीच्या तशी. तिच्यावर उपाय एकच, आजूबाजूचा दगडही तेवढा घासून पुन्हा पॉलिश करायचं. मी जुन्या ओट्यावरच्या एका वर्तुळावर २२० नंबरचा पाण्यात वापरायचा पेपर घेऊन बसलो, मग ४००, ८००, १२००. पाऊण तासात वर्तुळ गेलं. वरून खोबरेल तेलाचं बोट फिरवलं की काळेपणा परत येतो, ही युक्ती आईची. ती म्हणाली, "बरं झालं. आता उरलेल्यांवर जीव काढू नकोस." मी पेपर ठेवून दिला.

गरम तव्याची परीक्षा फक्त क्वार्ट्झसाठी ठेवली होती, कारण शोरूममधला पोरगा छातीठोकपणे म्हणाला होता, "तवा उतरवून डायरेक्ट ठेवा सर." भाकरीचा लोखंडी तवा तापवला आणि तुकड्यावर ठेवला. मिनिटभरात प्लास्टिक जळाल्यासारखा वास आला. तवा उचलला तर खाली पिवळट कंस. गारगोटीला काही झालं नव्हतं, चिकटवा भाजला होता. उन्हात ठेवला तरी हा पिवळेपणा गेला नाही. बायकोने तुकडा हातात घेऊन वास घेतला, परत खाली ठेवला आणि म्हणाली, "बरं, पांढरा नको." लग्नाला तीस वर्षं झाली, पण एका वाक्यात मुद्दा सोडलेला मी पहिल्यांदाच पाहिला. पोर्सिलेनला उष्णतेचं काहीच वाटलं नाही. पण त्याचा कोपरा मी हातोडीने हलकेच ठोकला तर टवका उडाला आणि आतून नुसता मातकट पांढरा रंग दिसला. वरची नक्षी फक्त कातडीपुरती. आमच्याकडे कुकर, खलबत्ता, नारळ हे सगळं ओट्याच्या कडेवर आपटतं.

आता जेट ब्लॅक. याला मी सगळ्यात शेवटी हात लावला, कारण पैसे दिले होते आणि मन आधीच खूश होतं. लिंबू झालं, चाकू झाला, दोन्हींत पास. नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन संपलं होतं म्हणून रंगाचं थिनर पांढऱ्या फडक्यावर घेतलं आणि पुसलं. फडकं काळं. वाटलं, धूळ असेल. दुसऱ्या बाजूने पुसलं, पुन्हा काळं. स्टील ग्रे पुसला, फडकं पांढरंच. मग जेट ब्लॅकचा तुकडा ग्राइंडरने मधोमध कापला. आतून राखाडी. पॉलिश नसलेला दगड नेहमीच फिका दिसतो, म्हणून कापलेली बाजू ओली करून बघितली. तरी राखाडीच, आणि वरच्या कडेला काळ्या शाईची बारीक रेघ, पेनने मारल्यासारखी. राखाडी दगडाला रंग पाजून काळा केला होता. असा रंग आंबट, तेल, साबण यांनी हळूहळू उतरत जातो, आणि ओट्याला ठिकठिकाणी टक्कल पडतं.

फडकं आणि दोन्ही अर्धुकं घेऊन दुकानात गेलो. मालक म्हणाले, "काका, ते मेण आहे, पॉलिशचं." मी म्हणालो, "शेजारची स्टील ग्रेची पाटी पण तुम्हीच पॉलिश केली ना? पुसा." त्यांनी पुसली नाही. दुकानात दुसरं एक गिऱ्हाईक उभं होतं, ते कान टवकारून ऐकत होतं, त्याचा उपयोग झाला. बयाणा परत मिळाला नाही पण 'ॲडजस्ट' झाला. मग मी त्यांच्याच दुकानात प्रत्येक काळी पाटी थिनरने पुसत फिरलो. ते लांबून बघत राहिले.

स्टील ग्रेमध्येही एक लेदर फिनिश होता, खडबडीत, हल्ली चलती असलेला. आईने त्याच्यावरून तळवा फिरवला आणि म्हणाली, "याच्यावर भाकरी थापली तर पीठ खाचांत बसेल." प्रश्न मिटला. साधा पॉलिशचा घेतला.

पाटी निवडायला मिस्त्रींना घेऊन गेलो होतो. लातूरकडचे, पन्नाशीतले, बोलणं मोजकं. त्यांनी माझ्या नऊ तुकड्यांची कथा ऐकून घेतली आणि खिशातून दहाचं नाणं काढलं. पाटीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टिचक्या मारत गेले. "ऐका काका. खण्ण वाजला तर अखंड. इथं बघा, भद्द वाजतंय." मग ओलं फडकं फिरवून थांबले. पाटी वाळत आली तशी एक केसासारखी ओली रेघ मागे राहिली. चिरेत पाणी शेवटपर्यंत टिकतं. ती पाटी बाजूला. तिसऱ्या पाटीच्या मागे जाळी चिकटवलेली होती. "जाळी लावली म्हंजे आधीच दुखणं हाय." चौथी घेतली. माझ्या वहीतल्या अर्ध्या परीक्षांपेक्षा हे एक नाणं भारी होतं.

पाटी कापायला मी ड्रॉइंग दिलं. मिलिमीटरमध्ये, टॉलरन्ससकट. मिस्त्रींनी विचारलं, "गुण्या लावला होता का भिंतीला?" मी म्हणालो, "काटकोनच आहे." ते काही बोलले नाहीत. एल आकाराचा ओटा, लांब बाजू सात फूट. पाटी आली, बसवायला घेतली, कोपऱ्यात चपखल बसली आणि दुसऱ्या टोकाला भिंतीपासून अठरा मिलिमीटर लांब. शहाऐंशी सालच्या गवंड्याने भिंत तिरकी बांधली होती आणि मी ती कधी तपासलीच नव्हती. बत्तीस वर्षं ज्या माणसाने पोरांना '३-४-५ ने काटकोन काढ' असं शिकवलं, त्याच्या स्वयंपाकघरात अठरा मिलिमीटरची फट. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "डाडोची टाइल आन् प्लास्टर धरून झाकंल. फुडल्या येळी पुठ्ठ्याचा साचा कापू." पुढल्या वेळी मी नसेन बहुतेक, पण साच्याचं म्हणणं पटलं.

सिंकच्या कापावरून मात्र माझं शिक्षण कामी आलं. डायमध्ये (पत्रा कापायच्या-दाबायच्या पोलादी साच्यात) आतला कोपरा टोकदार ठेवला की तिथून चीर सुटते, म्हणून आम्ही त्रिज्या देतो. जुना कडप्पा नेमका तिथेच फुटला होता. मिस्त्रींनाही ते माहीत होतं, फक्त त्यांच्याकडे त्याला नाव नव्हतं. त्यांनी आधी चारही कोपऱ्यांत गोल भोकं पाडली आणि मग भोकापासून भोकापर्यंत काप घेतला. सिंकच्या पुढे तीन इंचांची पट्टी शिल्लक ठेवली, त्याहून बारीक असती तर पाटी उचलतानाच मोडली असती. खाली जुने कडप्प्याचे उभे पाय तसेच ठेवले, त्यांच्यावर नवी कडप्प्याची आडवी पाटी, सिमेंट, आणि वर ग्रॅनाइट. म्हणजे कडप्पा गेला नाहीच, एक मजला खाली उतरला. पुढच्या कडेला खालून आणखी एक पट्टी चिकटवून जाडी दुप्पट केली, कड अर्धगोल घासली, आणि कडेखाली एक बारीक खाच मारली, सांडलेलं पाणी ट्रॉल्यांवर न ओघळता तिथेच थेंब होऊन पडावं म्हणून. पाणसळीचा बुडबुडा सिंकच्या बाजूला किंचित उतार दाखवेल असा ठेवला.

एका गोष्टीवरून आमचं वाजलं. पहिला काप त्यांनी कोरडाच सुरू केला, तोंडाला रुमाल बांधून. दोन मिनिटांत जिन्यात ढग. मी पाण्याची बादली आणि पाइप आणला, ते म्हणाले, चिखल होतो, तुमचा सेक्रेटरी भांडतो. सेक्रेटरीशी मी भांडेन म्हणालो, आणि भांडलो. दगडाची ही बारीक धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही. क्वार्ट्झच्या पाटीत गारगोटी एवढी प्रचंड असते की ती कापणाऱ्या कामगारांना सिलिकोसिस हा फुप्फुसाचा रोग होऊ लागल्यावर ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून तसे ओटे बनवायला आणि बसवायलाच बंदी घातली. ग्रॅनाइटमध्ये गारगोटी त्यापेक्षा कितीतरी कमी, पण असते. मिस्त्रींनी ऐकून घेतलं. "आमच्या गावचा एक होता खडी मशिनीवर. पंचेचाळिशीतच जिना चढंना," असं म्हणाले आणि मी दिलेला मास्क घातला. चहाच्या वेळी काढला तो परत घालायला विसरले. मी दर वेळी आठवण करायचो, ते दर वेळी हसायचे.

पाच दिवसांत ओटा झाला. भिंतीलगतची फट सिलिकॉनने बंद केली, पाटी नीट वाळल्यावर सीलर पाजला आणि जादा तिथल्या तिथे पुसून घेतला, नाहीतर चिकट पडदा राहतो. पाण्याचा थेंब आता मोत्यासारखा उभा राहतो. बायको खूश आहे. आई नव्या ओट्यावर अजून लिंबू चिरत नाही. "ग्रॅनाइटला काही होत नाही," हे मी तिला तीनदा सांगितलं. "तू मागे कडप्प्यालाही ग्रॅनाइट म्हणाला होतास," ती म्हणाली.

जुन्या ओट्याचा वर्तुळांचा तुकडा तिने टाकू दिला नाही. सव्वा फूट बाय दोन फूट, मिस्त्रींनी कडा घासून दिल्या, आणि आता तो ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनशेजारी दोन विटांवर आहे. पाडव्याच्या आदल्या रात्री तिने गुढीचा तांब्या काढला, चिंच-मिठाने घासला आणि त्या तुकड्यावर उपडा ठेवून झोपायला गेली. सकाळी मी तांब्या उचलला. पाऊण तास घासून मी जे वर्तुळ घालवलं होतं, त्याच जागी नवीन उमटलं होतं.